मदत हवी आहे: लाइट गेली, फ्रीज बंद, प्रोबायोटिकच्या पुड्या वाया गेल्या का?

घोडबंदरची_सून: सासऱ्यांचे जुलाब थांबत नाहीयेत. त्यांना चांगल्या जंतूंच्या पुड्या चालू केल्यात. कासारवडवलीत रात्रभर लाइट नव्हती. पुड्या फेकू की देऊ? लवकर सांगा.

कळव्याचा_पक्या: कोणती पुडी? बॅसिलस क्लॉसाय असेल तर बिनधास्त द्या, त्याचे बीजाणू असतात, उकाड्याला दाद देत नाहीत. लॅक्टोबॅसिलसवाल्या काहींना २ ते ८ अंश लागतात. पाकिटाच्या मागे बघा.

वाशीची_आत्या: पुड्या कसल्या घेऊन बसलात! ताजं ताक द्या, जिरं लावून. आमच्याकडे तीन पिढ्या हेच.

नेरूळ_केमिस्ट: आत्या, विरजणातले जंतू आतड्यात मुक्काम करत नाहीत, बरेचसे पोटातल्या आम्लातच मरतात. ताई, अँटिबायोटिक चालू आहे का? वय?

वाशीची_आत्या: मरतात तर मग आम्ही धडधाकट कसे?

घोडबंदरची_सून: ७१. अँटिबायोटिक चालू आहे. पुडीवर सॅकरोमायसिस बुलार्डी लिहिलंय. फ्रीजचं सांगा ना कोणीतरी!

कळव्याचा_पक्या: मग ते बॅक्टेरिया नाहीतच, यीस्ट आहे, म्हणजे एक प्रकारची बुरशी. म्हणून तर अँटिबायोटिकने मरत नाही. सुकवलेली पावडर एका रात्रीत खराब होत नाही. द्या.

ठाणे_वेस्ट_७७: अमेरिकेत आता निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जंतूंची कॅप्सूल मिळते, २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सी. डिफिसिल म्हणून एक जंतू अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजतो, त्याचे जुलाब पुन्हा उलटू नयेत म्हणून.

कळव्याचा_पक्या: जेवताना वाचतोय रे बाबा.

नेरूळ_केमिस्ट: अँटिबायोटिक कशासाठी, ते राहिलंच.

घोडबंदरची_सून: डायलिसिसच्या नळीला इन्फेक्शन झालं होतं. मानेत आहे ती. त्याचा इथे काय संबंध?

नेरूळ_केमिस्ट: पुडी अजिबात देऊ नका! त्यांच्या खोलीत फोडूही नका. पावडर उडते, हाताला चिकटते, नळीवाटे यीस्ट थेट रक्तात जाऊ शकतं. युरोपात अशी नळी असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे. लिहून कोणी दिलं?

घोडबंदरची_सून: कोणी नाही. मेडिकलवाल्याने दिलं, जुलाब म्हटल्यावर.

नेरूळ_केमिस्ट: किडनीच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. सी. डिफिसिलसाठी शौचाची तपासणी करायची का, तेही विचारा. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका.

वाशीची_आत्या: तोवर ताक तरी?

नेरूळ_केमिस्ट: डायलिसिसवर पाणी मोजून, पोटॅशियम मोजून. ताकही विचारूनच.

घोडबंदरची_सून: डॉक्टर फोन उचलत नाहीयेत.

कळव्याचा_पक्या: डायलिसिस सेंटरला लावा, सिस्टर उचलतील. आणि माझं ते ‘द्या’ विसरा.