मदत हवी आहे : मांडवात बास गिटारला घूं येते, आणि बी तार नुसती फडफडते

पाचवी_तार

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो, महिन्याला पाच-सहा कार्यक्रम होतात. सामान असं : जॅझ बासच्या धाटणीचा पाच तारांचा पॅसिव्ह बास, ३४ इंची स्केल, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारी चुंबकाभोवतीची गुंडाळी), निकेल राउंडवाउंड तारा (०.०४५ ते ०.१२५ इंच). क्लास-डी हेड (अ‍ॅम्प्लिफायर) ५०० वॅटचं, तेही ४ ओहमला. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) एकच, १२ इंची, ८ ओहम. हेडच्या मागच्या डीआय आउटमधून (मिक्सरला सिग्नल देणारी जागा) एक्सएलआर केबल साउंडवाल्याच्या स्नेकमध्ये (मिक्सरपर्यंतची जाड केबल) जाते.

घरी आवाज स्वच्छ येतो. मैदानात, खासकरून जनरेटरवर, सतत घूं. शिवाय बी तार (पाचवी, सगळ्यात जाड) लोकांपर्यंत पोचतच नाही. समोर उभं राहिलं तर सूर कळत नाही, नुसती धडधड जाणवते. स्टेजवर तीच तार फ्रेटवर आपटते आणि कार्यक्रमाच्या मध्यापर्यंत उतरलेली असते.

८०० वॅटचं हेड घ्यावं असं मनात आहे. बजेट चाळीस हजार. योग्य होईल का?

केबलकापे

हेडच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका, घूं तिथल्या तिथे बंद. सगळे हेच करतात.

न्यूट्रल

वरचा सल्ला कृपया कोणीही पाळू नका. अर्थ काढल्यावर घूं जाते हे खरं, पण त्याच वायरवर तुमचा जीव असतो. हेडमध्ये आत कुठे फेज चॅसिसला लागला तर केबलच्या शील्डवाटे बासच्या ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवलेली पट्टी) आणि तारांवर २३० व्होल्ट येतात. गायकाच्या माइकची जाळी मिक्सरमार्फत अर्थला जोडलेली असते. हात तारेवर आणि ओठ माइकवर, की सर्किट पूर्ण. कोरस म्हणणाऱ्या बासवाल्याला हा धोका सर्वांत जास्त.

मल्टिमीटर जवळ ठेवा. एसी व्होल्टवर लावून स्टेजवरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तीनदा मोजा. पहिल्या दोन्हीत २३० च्या आसपास आणि तिसऱ्यात दोन-तीन व्होल्टांच्या आत आकडा यायला हवा. फेज-अर्थ भलताच कमी आला तर अर्थ तुटलेला आहे किंवा जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलेलाच नाही. ते काम मांडवाच्या वायरमनचं, आपण तिथे हात घालायचा नाही. त्याला सांगायचं, आणि होईपर्यंत प्लग लावायचा नाही. मग शेवटचं माप : एक प्रोब बासच्या तारेला, दुसरा माइकच्या जाळीला. व्होल्टभराच्या आत असेल तरच वाजवायला उभं राहा.

मिक्सरमागे

हेड घेण्याआधी ही घूं कुठली ते ठरवा. 'घूं' या एका नावाखाली तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं.

बासचे दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं तशीच राहिली तर बासचा दोष नाही, ती पुढे केबल, हेड किंवा वीजपुरवठ्यात आहे. व्हॉल्यूम शून्यावर गेल्यावर थांबली तर बासच ती पकडतोय. मग व्हॉल्यूम परत वर करून तारांवर हात ठेवा. हात ठेवल्यावर कमी झाली तर शील्डिंग अपुरं आहे. हाताने फरक पडत नाही, पण उभ्या उभ्या अंग नव्वद अंश वळवल्यावर कमी-जास्त होते, तर सिंगल कॉइल आसपासचं चुंबकीय क्षेत्र ओढतोय : ट्रान्सफॉर्मर, डिमर, एलईडी लाइटचे पॉवर सप्लाय.

तुमचं वर्णन वाचून पहिला संशय ग्राउंड लूपचा. हेड स्टेजवरच्या बोर्डावर आणि मिक्सर मैदानात पंचवीस-तीस मीटरवर दुसऱ्या बोर्डावर. दोन्हीकडे अर्थ आहे, आणि शिवाय एक्सएलआरची शील्ड त्या दोघांना जोडते. असं कडं तयार झालं की त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो. घरी मिक्सरच नाही, म्हणून घरी शांत. हेडच्या डीआयशेजारी ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. बटण नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय हेड आणि स्नेकच्या मध्ये घाला आणि त्याचं लिफ्ट वापरा. यात फक्त सिग्नलची शील्ड तुटते, विजेचा अर्थ जागेवर राहतो. केबलकापे, फरक इथे आहे.

एरवी स्टेजवरच्या वाद्यांना मिक्सरच्याच बोर्डावरून लाइन ओढून मागायची, आणि लाइटवाल्याचा फेज वेगळा असला पाहिजे. साउंडवाला कुरकुर करेल, पण करतो.

पाचवी_तार

काल तालमीच्या हॉलमध्ये मिक्सर लावून तपासलं. व्हॉल्यूम शून्यावर जाड घूं तशीच राहिली. लिफ्टचं बटण दाबताच गेली! आता एक बारीक, चिरकी भणभण उरली आहे. ती अंग वळवलं की बदलते, आणि फक्त ब्रिजचा पिकअप वापरताना जास्त येते. मापांमध्ये न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट.

मिक्सरमागे

उरलेली भणभण सिंगल कॉइलची. अशा बासमध्ये दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम नेमके सारखे ठेवले की भणभण कटते. एक थोडा जरी कमी केला की परत येते. म्हणून लाइटच्या गर्दीत दोन्ही पूर्ण ठेवा, हवा तो रंग टोन नॉबने आणि हाताच्या जागेने काढा.

कॉपर टेप लावून घेण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. लावा, पण एक लक्षात ठेवा : तांब्याची पट्टी विद्युत क्षेत्राची भणभण थांबवते, चुंबकीय नाही. वळल्यावर बदलणारी घूं टेपने जाणार नाही. त्यासाठी हम-कॅन्सलिंग (घूं स्वतःच कापणारे) पिकअप लागतात. १९५७ नंतरच्या प्रिसिजन बासचा दोन तुकड्यांचा पिकअप मुळातच हम कापतो. जॅझच्या मापातही आत दोन कॉइल असलेले पिकअप मिळतात. चाळीस हजारांतला पहिला खर्च तिथे करा, हेडवर नको.

जाता जाता : ५० हर्ट्झची घूं ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या सुराला, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचला (४९ हर्ट्झ) जवळजवळ चिकटून असते. त्या पट्टीच्या गाण्यात बास बेसूर वाटतो त्याचं एक कारण हे असू शकतं. बिचारा ट्यूनर निर्दोष!

दोन_बाय_बारा

वॅटचं गणित सांगतो. तुमचं ५०० वॅटचं हेड ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटवर साधारण निम्मं, अडीचशे-तीनशे वॅट देतं. ८०० चं घेतलंत तरी त्याच कॅबिनेटवर चारशेच्या आसपास. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढ, आणि ही वाढ तर त्याहून कमी. त्याऐवजी तसलंच दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट जोडा : दोन्ही मिळून ४ ओहम होतात, हेड पूर्ण ताकद देतं आणि हवा ढकलणारं स्पीकरच्या शंकूचं क्षेत्रही दुप्पट होतं. तिसरं जोडू नका, २.६७ ओहम होतील आणि ४ ओहमची मर्यादा असलेलं हेड प्रोटेक्शनमध्ये जाईल (स्वतःला वाचवायला बंद पडेल).

हेड ते कॅबिनेट स्पीकॉनची स्पीकर केबल वापरा, गिटारची नाही. तिचा आतला तांब्याचा धागा बारीक असतो, तापतो.

मात्र खुल्या मैदानात तुमचं कॅबिनेट फक्त तुमच्यासाठी. लोकांना जे ऐकू जातं ते साउंडवाल्याच्या सबमधून (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर). त्यामुळे बी तार पोचत नाही या तक्रारीवर हेड किंवा कॅबिनेट हा उपायच नाही.

खर्जातला

बरोबर. मोकळी बी म्हणजे ३०.९ हर्ट्झ. मंडपात येणारे बहुतेक टॉप स्पीकर तिथे काहीच देत नाहीत, सबसुद्धा ४० च्या खाली घसरायला लागतात. कानाला जो सूर कळतो तो ६२ आणि ९३ हर्ट्झच्या आंशिक सुरांवरून (मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर). म्हणून ४० हर्ट्झ वाढवायला सांगणं हीच चूक : शंकू हलतात, अ‍ॅम्प दमतो, सूर येत नाही. उलट ३५ च्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारं फिल्टर) लावा, २५० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, ७००–९०० ला थोडं द्या. बोटाचा ठसा तिथे आहे. बी तार ब्रिजच्या पिकअपजवळ वाजवा, मानेजवळ नको.

दुसरं, मंचावर खर्ज कोणाचा ते आधी ठरवा. कीबोर्डवाला डाव्या हाताने बास वाजवत असेल आणि ऑक्टापॅडची किक लांब गुंजणारी असेल, वर ढोलकीची धुम, तर चौघे एकाच खड्ड्यात. कीबोर्डवाल्याला डावा हात मध्य सप्तकात ठेवायला सांगा आणि किकचा आवाज आखूड निवडा. हे तालमीत ठरवायचं. कार्यक्रमाच्या दिवशी कोणी ऐकत नाही.

आणि बी तार खाली उतरण्यासाठीच असते असं नाही. गायक 'काळी दोन' (डी शार्पची पट्टी) म्हणाला, तर चार तारांवर सगळ्यात खालचा सा मिळतो तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, ७७.८ हर्ट्झ. बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर ३८.९ मिळतो, पण तो समेवर एखादा द्यावा, अख्खं धृपद नाही. खरा फायदा वेगळा. ई चा सूर बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर दाबला की मोकळी तार लागत नाही. ऐनवेळी पट्टी काळी एकवर आणली तरी हाताचा साचा तोच, फक्त दोन फ्रेट सरकायचं.

फ्रेटफाइल

फडफडीचं राहिलं. क्रम चुकवू नका : आधी तार, मग नेक, मग उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळणं).

३४ इंचांवर ०.१२५ ची बी सैल पडते, ०.१३० घ्या. पेगच्या पोस्टपुढे १०–१२ सेंटिमीटर ठेवून तार आधी काटकोनात मोडा, नंतर कापा. तशीच कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सरकतं आणि तार मुकी होते. गुंडाळी दोन-तीन फेरे, वरून खाली. सॅडलच्या (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पुढ्यात तार अंगठ्याने दाबून कोन पक्का करा. नाहीतर तो कोन पुढे आपोआप बसतो आणि तार उतरते. तुमची मध्यंतराला उतरण्याची तक्रार बहुधा हीच.

नवीन तारा सुरात लावून नेकचा बाक मोजा : पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबून, आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांत ०.३० ते ०.३५ मिमी. फीलर गेज (पातळ पात्यांचं माप) वापरा, डोळ्यावर भरवसा नको. ट्रस रॉड (नेकच्या आतला दांडा) एका वेळी पाव फेराच. घड्याळाच्या दिशेने बाक कमी होतो. चावी बासबरोबर आलेलीच हवी, रॉडच्या इंची नटात मिमीची चावी घातली तर कडा झिजतात आणि मग सगळंच संपतं. पावसाळ्यात लाकूड हलतं, म्हणून गणपतीच्या कार्यक्रमांआधी पुन्हा मोजा. गेल्या महिन्याचं माप धरू नका.

उंची बाराव्या फ्रेटवर : बी २.५ मिमी, जी १.८ च्या आसपास. मंचावर जोरात वाजवत असाल तर बी २.८ ठेवा. मग इंटोनेशन : बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता हलकं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे. ट्यूनरला ३१ हर्ट्झ पकडायला जड जातं, बी नेहमी हार्मोनिकवर लावा.

पाचवी_तार

सगळ्यांचे आभार. हेड रद्द. पिकअप आणि ट्रान्सफॉर्मरवाला डीआय घेतो, उरलं तर कॅबिनेट. ०.१३० च्या तारेसाठी नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बदलावा लागेल का?

फ्रेटफाइल

बदलायची गरज नाही, खाच रुंद करावी लागते. ०.१२५ च्या खाचेत ०.१३० वर बसते : मोकळी तार उंच राहते, पेग फिरवताना टक्‌ आवाज येतो आणि सूर उडी मारतो. नट-फाइल नसेल तर जुन्या बी तारेचा तुकडा बारीक पॉलिश पेपरमध्ये गुंडाळून दोन-तीन वेळा ओढा, फक्त बाजूंना घासेल असा. तळ खाली नेऊ नका. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसायला हवी. ती दिसली की थांबा. जास्त घासली गेली तर मात्र नट बदलावाच लागेल.