सिंगल फेजवर तीन फेजची खराद मोटर चालवायची आहे, कोणता ड्राइव्ह घेऊ? (नागपूर)

नंदीवाला_महाल:
नमस्कार मंडळी. महालात घरीच तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी बनवतो. चाकं आणि पाय आतापर्यंत बाहेरून खरादून आणत होतो. यंदा जुनी लाकूड खराद विकत घेतली. मोटर २ एचपी, तीन फेज. घरी सिंगल फेज. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला की चालते म्हणून एका दुकानातून २ एचपीचा ड्राइव्ह आणला, तर तो चालू करताच अंडरव्होल्टेज दाखवून राहिला. मोटर हललीसुद्धा नाही. दुकानदार म्हणतो, तुमच्या घरचंच व्होल्टेज कमी आहे. मीटरवर तर २३२ दिसते. मोठं चाक ८ इंची, बारकं २ इंची, त्यामुळे वेग कमीजास्त करता आला पाहिजे. पोळ्याला दोन महिने आहेत. काय घेऊ आणि कसं जोडू?

सुतार_उमरेड:
भाऊ, कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर लावून टाका आणि पुलीने वेग बदला. माझी तशीच चालते.

हिंगणा_मेंटेनन्स:
उमरेडकर भाऊंचा उपाय स्वस्त आहे, पण यांच्याकडे तीन फेजची मोटर आधीच आहे आणि वेगही हवा आहे. कपॅसिटरवाली मोटर व्हीएफडीवर चालत नाही, म्हणजे पुढे तो रस्ताही बंद.

महालकर, तुमच्या घरचं व्होल्टेज ठीक आहे. तुम्हाला ४१५ व्होल्ट तीन फेज इनपुटचा ड्राइव्ह दिला गेलाय. ड्राइव्ह आधी एसीची डीसी करतो. २३० आत गेले तर डीसी साधारण ३२५ व्होल्ट होते; ४१५ वाल्याला ५८५ च्या आसपास लागते. तो अंडरव्होल्टेज दाखवणारच. परत करा. नवीन घेताना असंच बोला: "इनपुट सिंगल फेज २३०, आउटपुट तीन फेज २३०, १.५ किलोवॅट." श्नायडरचा एटीव्ही १२ किंवा डेल्टाचा एमई ३०० यात असे मॉडेल आहेत.

पण थांबा, ड्राइव्ह घेण्याआधी मोटरचा डबा उघडा. साधा सिंगल फेज ड्राइव्ह २३० च्या वर देत नाही आणि मोटर ४१५ ची. प्लेटवर काय लिहिलंय आणि आत किती टर्मिनल आहेत, ते इथे लिहा. मोटर कशी निघते त्यावरच सगळं आहे.

नंदीवाला_महाल:
प्लेट घासून वाचली: ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, १४२० आरपीएम, स्टार. डब्यात सहा बोल्ट, तीन-तीनच्या दोन ओळी. खालच्या ओळीवर दोन पितळी पट्ट्या आडव्या बसवल्या आहेत.

वाइंडिंग_नंदनवन:
नशीब चांगलं आहे बाप्पा! तीनच वायरी बाहेर असत्या तर मोटर खोलून आतला स्टार पॉइंट (तिन्ही वाइंडिंगची टोकं एकत्र जोडलेली जागा) सोडवावा लागला असता. आता सप्लाय बंद करून आडव्या पट्ट्या काढा आणि वर-खालच्या बोल्टांच्या तीन जोड्या उभ्या जोडा. त्यासाठी तीन पट्ट्या लागतील. ही डेल्टा जोडणी. ड्राइव्हची डेल्टा कंपनी वेगळी, यात गोंधळू नका.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४० व्होल्ट मिळतच होते. डेल्टात २३० मिळतील, म्हणून ताकद जवळजवळ तीच. करंट मात्र ३.४ चा ५.९ होईल. ड्राइव्हमध्ये मोटर व्होल्टेज २३०, करंट ५.९, फ्रिक्वेन्सी ५० भरा. जुना ३.४ राहिला तर ड्राइव्ह उगाच ओव्हरलोडवर ट्रिप होत राहील.

जोडण्याआधी मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग तपासून घ्या. जुन्या मोटरला ओल धरलेली असते.

हिंगणा_मेंटेनन्स:
आता घरच्या बाजूचं. मोटर ६ अँपिअर घेते म्हणून मेनवरही सहाच येतील असं समजू नका. पूर्ण लोडवर १४-१५ अँपिअर खेचेल. बोर्डातून वेगळी लाइन काढा, ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सी टाइप २० अँपिअरचा एमसीबी. मंजूर भार किती आहे तेही वीजबिलावर पाहून घ्या. अर्थिंग पक्कं हवं, मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हपर्यंत आणि तिथून मेन अर्थपर्यंत. आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप झाला तर काढून टाकू नका. मॅन्युअलमध्ये कोणत्या टाइपचा लिहिलाय तो बसवा.

सप्लाय इनपुटच्या टर्मिनललाच. यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडच्या टर्मिनलवर मेन दिली की ड्राइव्ह त्या क्षणी संपला. माझ्या हातून उमेदवारीच्या काळात असा एक गेला आहे, तो धूर अजून आठवतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकू नका, चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. बंद केल्यावर १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, आतले कपॅसिटर चार्ज असतात.

नागपुरात ड्राइव्ह मरतात ते उन्हाळ्यात. बरेच ड्राइव्ह ४० डिग्रीपर्यंतच पूर्ण करंट देतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५. त्यात तुमच्याकडे लाकडाचा भुसा. उघडा ठेवला तर पंखा भुशाने जाम होतो, छोट्या डब्यात कोंडला तर तापतो. म्हणून मोठा पत्र्याचा डबा घ्या, खाली फिल्टर लावलेला पंखा, वर जाळी. टिनाच्या छताखाली नको, आतल्या भिंतीवर लावा. फिल्टर दर आठवड्याला झटका.

सुतार_उमरेड:
मोठ्या चाकासाठी वेग ड्राइव्हनेच पार खाली आणू नका. २५ हर्ट्झवर मोटरची ताकद अर्धी राहते आणि तिचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो. पट्टा मोठ्या पुलीवर घ्या, उरलेला फरक ड्राइव्हने काढा. रिव्हर्स पॅरामीटरमधून बंदच ठेवा, नाहीतर फेसप्लेटचे (चाक धरणारी चकती) आटे सुटून चाक अंगावर येईल. थांबायचा वेळ ८ सेकंद द्या. एकदम थांबवलं तरी तेच होते, शिवाय ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवतो.

नंदीवाला_महाल:
ड्राइव्ह बदलून मिळाला, थोडे पैसे वर द्यावे लागले. पट्ट्या फिरवल्या, मेगर वाइंडिंगवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे करून घेतलं. पहिल्यांदा पट्टा काढून ५ हर्ट्झवर मोटर फिरवली, उलटी फिरली. बंद करून १५ मिनिटं थांबलो आणि यू-व्ही अदलाबदल केल्या. आज सागवानाचं ८ इंची चाक ३५ हर्ट्झवर उतरवलं. क्लॅम्प मीटरवर मेनला सर्वात जास्त ९ अँपिअर आले. कडा अशी गुळगुळीत आली की पॉलिश पेपर फक्त एकदाच फिरवावा लागला. डबा अजून बनवायचा आहे, तोवर ड्राइव्ह शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून वायर आणली आहे. ती ४ मीटर आहे, चालेल ना?

हिंगणा_मेंटेनन्स:
चालेल. फक्त ती वायर कंट्रोलच्या वायरींसोबत एका पाइपातून नेऊ नका.