कोट्या म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

'कोट्या करणं म्हणजे पांचट वेळकाढूपणा' असं कुणीतरी म्हणालं, ते मला अजिबात पटलं नाही. आमचा ठाणे-नवी मुंबईचा जुना कंपू मासुंदा तलावाच्या काठी जमतो. एक जण वाशीला राहायला गेला, तर लगेच दुसरा म्हणाला, 'आता खरा रहि-वाशी झालास!' शब्द फोडून दुसरा अर्थ काढला, हा सभंग श्लेष. ठाण्याहून कल्याणकडे जाताना 'पुढचं स्टेशन कोणतं?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तुम्हीच कळवा.' इथे शब्द अखंड, तरी अर्थ दोन: 'सांगा' आणि कळवा स्टेशन. तो अभंग श्लेष. याला डोकं लागतं हो!

त्याच तलावाशेजारच्या रंगायतनाला राम गणेश गडकऱ्यांचं नाव आहे. १८८५ ते १९१९ एवढंच आयुष्य, पण 'बाळकराम' या नावाने लिहिलेल्या विनोदात त्यांनी कोट्यांची लयलूट केली.

आणि जुन्या ओळखीतच हे रंगतं, कारण कुणाचं काय दुखतंय ते माहीत असतं. नोकरी गेलेल्याला नोकरीवरून कुणी टोमणा मारत नाही. बाकी कुणालाही सूट नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली आणि घणसोलीवर कोटी आमच्यात अजून कुणाला जमलेली नाही. सुचली तर इथेच टाका.