मोबाइल होम पार्कातली मराठी मंडळी (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

नीलिमा: राग मानू नका, पण बोलतेच. काल क्लबहाऊसमध्ये अख्खं पार्क जमलं होतं. 55 नंबरचे आजोबा वॉकर घेऊन आले. आपली मराठी घरं नऊ. गेलं कोण? मी आणि आबा. आणि आबा व्हिजिटर व्हिसावर आहेत!

प्रशांत: अगं, माझा 8 वाजता पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतो.

नीलिमा: गणपतीच्या आरतीला नव्हता कॉल.

केतन: गेस्ट पार्किंगमध्ये पांढरी व्हॅन कोणाची आहे? तीन दिवस झाले.

माधवी: आबा मीटिंगला गेले होते? मला म्हणाले पाय मोकळे करून येतो.

आबा: पाय मोकळे करायलाच गेलो. क्लबहाऊस वाटेत लागतं.

श्रीपाद: मुद्दा काय होता? ते ट्रायपॉडवाले?

नीलिमा: हो. जमीन मोजणीवाले दोनदा येऊन गेले. मॅनेजर म्हणते रुटीन आहे. पार्क विकायला काढणार अशी कुजबुज आहे.

प्रशांत: विकू देत की. सॅन होजेत पार्कातल्या जागेच्या भाडेवाढीला कॅप आहे. महागाईच्या आकड्याच्या 75 टक्के, कमीत कमी 3, जास्तीत जास्त 7. वर 90 दिवसांची लेखी नोटीस. उगाच घबराट नको.

श्रीपाद: कॅप भाड्याला आहे रे. पार्कच बंद करून टाउनहाऊसं बांधायची ठरवली तर? जमीन मालकाची, आपण तिचं भाडं भरतो. आपलं फक्त वरचं घर. तुझं दोन भाग जोडलेलं डबलवाइड घर उचलून कुठे नेणार आहेस?

प्रशांत: मी ट्रेसी गावात घर घेतोय. दोन वर्षांत.

माधवी: हे 2019 पासून ऐकतेय.

प्रशांत: माधवीताई, प्रत्येकाची परिस्थिती असते.

माधवी: असते ना. म्हणून तर सगळे इथे आहोत. सहज म्हटलं, मनावर घेऊ नकोस 🙏

केतन: पांढरी व्हॅन. प्लीज. शनिवारी माझे सासू-सासरे येतायत.

रश्मी: मला खरं सांगू? भीती वाटते. आमचं अजून एच-वन व्हिसावर आहे, नोकरीच्या. मालकाशी वाकडं घेतलं आणि काही निघालं तर?

श्रीपाद: मीटिंगला बसण्याचा आणि व्हिसाचा काय संबंध? कॅलिफोर्नियाच्या मोबाइल होमच्या कायद्यात रहिवाशांना जमायचा हक्क लिहिलेला आहे. अशा मीटिंगला क्लबहाऊसचं डिपॉझिटसुद्धा मागता येत नाही. दारू ठेवली तरच इन्शुरन्स मागू शकतात.

माधवी: दारू नाही? मग प्रशांतचा कॉल लांबणारच.

श्रीपाद: जरा ऐका. रहिवाशांनी पार्क विकत घेण्यासाठी रीतसर संघटना नोंदवली, पदाधिकाऱ्यांची नावं मालकाला लेखी दिली, आणि आम्हाला घेण्यात रस आहे असं दरवर्षी कळवलं, तर विक्रीला काढण्याआधी निदान 30 दिवस त्याने संघटनेला लेखी सांगायला हवं. संघटनाच नसेल तर सांगणार कोणाला?

प्रशांत: आणि घ्यायला पैसे कोण देणार? तू?

श्रीपाद: पालो अल्टोचं ब्युएना व्हिस्टा पार्क बघ, आपल्यासारखंच. 2012 ला मालकाने बंद करायचं काढलं. 400 च्या आसपास माणसं, बहुतेक लॅटिनो. त्यांची संघटना पाच वर्षं मागे हटली नाही. 2017 ला काउंटीच्या हाउसिंग अथॉरिटीने पार्क विकत घेतलं. माणसं आहेत तिथेच राहिली.

प्रशांत: ते पालो अल्टो. तिथे पैसा आहे.

श्रीपाद: शहराकडे होता. राहणाऱ्यांकडे नव्हता. आणि त्याच्याही आधी, 1984 ला न्यू हॅम्पशायरमध्ये मेरेडिथला 13 घरांनी मिळून स्वतःच जागा घेतली, सहकारी तत्त्वावर. 13! आपण मराठीच नऊ आहोत.

आबा: म्हणजे आपली हाउसिंग सोसायटीच झाली. चेअरमन, सेक्रेटरी, गळती आणि भांडणं. गिरगावात सेक्रेटरी होतो मी.

माधवी: आबा, नको.

रश्मी: पण बाकीच्या लोकांशी बोलायचं काय? मला तर शेजारी कोण राहतं तेही नीट माहीत नाही.

नीलिमा: तेच म्हणतेय मी! गेल्या उन्हाळ्यात लाइट गेली होती ना, तेव्हा 17 नंबरच्या व्हिएतनामी आजींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. समोरच्या मेक्सिकन पोराच्या लक्षात आलं. पिकअपमधून जनरेटर उतरवला, ती नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड ओढत नेली आणि खिडकीची जाळी काढून आत दिली. आजी इंग्रजी बोलत नाहीत, तो व्हिएतनामी बोलत नाही. आणि आपण? ग्रुपवर "लाइट कोणाकोणाची गेली?" आणि त्याखाली नऊ जणांचं "आमचीही".

रश्मी: बाई गं. 17 म्हणजे माझ्या शेजारच्याच.

नीलिमा: हो. दर नोव्हेंबरला तुझ्या पायरीवर पर्सिमन फळांची पिशवी ठेवतात त्या.

रश्मी: त्या ठेवतात?? मला वाटलं माधवीताई.

माधवी: म्हणून तू मला चकल्या आणून दिल्यास होय! मी म्हटलं ही एवढी कशी गोड वागायला लागली.

केतन: मॅनेजर व्हॅन टो करणार म्हणते. मग मला बोलू नका.

आबा: व्हॅन त्या 55 नंबरवाल्यांच्या मुलाची आहे. बापाच्या बाथरूमला धरायच्या दांड्या बसवतोय, शुक्रवारी जाईल. काल मीटिंगमध्येच सांगितलं त्याने.

केतन: 🙏 ओके. सॉरी. मॅनेजरला फोन करतो.

प्रशांत: बरं, संघटना म्हणजे नक्की काय करायचं? फॉर्म असेल तर पाठवा, सही करतो.

नीलिमा: सही नाही पुरत. पुढच्या मंगळवारी 7 वाजता. नोटीस इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामीत काढायची आहे, घरोघरी नेऊन द्यायची. दारावर चिकटवून पळायचं नाही, बोलायचं.

रश्मी: 17 मी घेते. चकल्या आहेत अजून.

प्रशांत: मंगळवारी 7 ते पावणेआठ येईन.

नीलिमा: पदाधिकारी हवेत. अध्यक्ष ती 8 नंबरची नर्स होतेय. सेक्रेटरी, खजिनदार आपल्यातून एकेक द्या म्हणाले. मी सेक्रेटरीला माधवीताईंचं नाव दिलंय.

माधवी: मला विचारलं कोणी?

आबा: मी हो म्हटलं.

माधवी: आबा!!

माधवी: ठीक आहे. पण खजिनदार प्रशांत नको.

प्रशांत: का बरं?

माधवी: गणपतीचे 46 डॉलर.

प्रशांत: ते मोदकाच्या साच्यांचे होते. पावती टाकली होती ग्रुपवर. वर स्क्रोल करा.