चर्चा: मेनच्या ठेंगण्या ब्लूबेरीला ‘रानब्लूबेरी’ म्हणावं का?

रानवाट: मी अमेरिकेतल्या मेन राज्यात राहतो. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन काउंटीत गेलं की घोट्याएवढ्या झुडपांनी माळच्या माळ निळे झालेले असतात. पाकिटावर ‘वाइल्ड’ लिहितात आणि ते मला पूर्ण पटतं. मराठीतही रानब्लूबेरीच म्हणावं. पुण्या-मुंबईत डबीत मिळते ती उंच झुडपाची. न्यू जर्सीत शेतमालक एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली झुडपं निवडून तिची लागवड बसवली, १९१६ मध्ये पहिलं पीक विकलं गेलं. ही ठेंगणी मात्र कुणी लावलेली नाही. जमिनीखालच्या खोडांनी आपली आपण पसरते.

काळीमाती: नाही पटत. एक वर्ष झुडपं जमिनीसरशी कापायची किंवा जाळायची, दुसऱ्या वर्षी फळ घ्यायचं. तण मारायला फवारणी. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या ट्रकने आणायच्या. ही सरळ शेती झाली. आमच्याकडे करवंदाच्या जाळीला कुणी हात लावत नाही, तो खरा रानमेवा.

रानवाट: जाळण्याची रीत इथल्या मूळच्या वाबानाकी लोकांची, गोरे येण्याआधीपासूनची. वरचं जळतं, खालचं खोड जगतं, नवे कोंब फुटतात. तुम्ही एकदा ओंजळभर फळं हातात घेऊन बघाच. एक फिकट निळं, त्यावर पांढरी भुकटी. शेजारचं जवळजवळ काळं. एक गोड, एक आंबट. कारण माळावरचा एकेक ठिगळ वेगळ्या बीपासून वाढलाय. कुणी वाण निवडलाच नाही. मी ‘रान’ म्हणतो ते यासाठी.

सेंटलॉरेन्स: माझा आक्षेप वेगळा आहे. ब्लूबेरीची युरोपातली बहीण बिलबेरी, तीही रानातलीच, मग ‘रानब्लूबेरी’ म्हटल्यावर कुठली समजायची? बिलबेरी आतूनही जांभळी असते, ही आत फिकट. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतात हिला ‘ब्लुए’ म्हणतात. फ्रान्समध्ये त्याच शब्दाचा अर्थ गव्हाच्या शेतातलं निळं फूल. आणि लाक सें-जां भागातल्या माणसांनाच इथे ‘ब्लुए’ म्हणतात! नाव असं मातीशी बांधलेलं असावं. ‘ठेंगणी ब्लूबेरी’ म्हणा, निदान झुडूप डोळ्यांपुढे येईल.

काळीमाती: वाणाचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. पण फवारणीचं काय? ‘रान’ वाचून घेणारा फवारणी नसेल असंच धरून चालतो. ही फसगत मला चालणार नाही.

रानवाट: फवारणीबद्दल पाकिटावर स्पष्ट लिहावं, यात वाद नाही. ‘ठेंगणी रानब्लूबेरी’ म्हणायलाही मी तयार आहे. ‘रान’ मात्र काढू नका. ते काढलं की डबीतली आणि ही एकच होऊन बसते.