‘ल्यूथरने झोडलं म्हणून कॅथलिक सुधारले’, बास झालं आता

गासचा_गडी: "ल्यूथरने झोडलं म्हणून कॅथलिक ताळ्यावर आले, नाहीतर आजही क्षमापत्रं विकत बसले असते" ही पोस्ट परवापासून चार ग्रुपवर आली, म्हणून लिहितोच. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देणारी ही पत्रं विकत फिरणारा टेट्झेल निर्लज्ज होता, मान्य. माइन्झच्या आल्ब्रेख्टने फुगर सावकाराकडून कर्ज काढून आर्चबिशपपद मिळवलं आणि क्षमापत्रांचा निम्मा गल्ला त्या कर्जात गेला, तेही मान्य. पण सुधारणा काय 1517 ला, ल्यूथरने विटेनबर्गमध्ये चर्चविरुद्ध आवाज उठवला तेव्हाच जन्मली? स्पेनमधल्या टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस 1495 पासून फ्रान्सिस्कन मठवाल्यांना वठणीवर आणत होता, आल्कालाचं विद्यापीठ त्याने काढलं, मूळ भाषांतलं बायबल छापून घेतलं, आणि 1517 च्या नोव्हेंबरात वारला. ल्यूथरला घाबरायला वेळ कधी मिळाला त्याला?? स्पेनच्याच अविलाच्या तेरेसा या संन्यासिनीने 1562 ला अख्खं गाव विरोधात असताना मठ काढला, तिच्या साथीदाराला, क्रुसाच्या योहानाला, त्याच्याच संघवाल्यांनी टोलेडोत नऊ महिने कोंडून ठेवलं. घरात राहून घर झाडायला जास्त हिंमत लागते.

नगरी_मिरची: सिस्नेरोसने ग्रॅनाडात अरबी पुस्तकं जाळली आणि पुढे तो इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा, प्रमुख झाला, हे बरं गाळलंत. आणि तेरेसाबाई स्वतःच लिहून गेल्यात की फ्रान्समधल्या ल्यूथरवाल्यांच्या बातम्यांनी जीव तळमळला. म्हणजे कळ कोणी काढली? चर्च सुधारायला ट्रेंटची परिषद बसली 1545 ला, 28 वर्षांनी! मिलानमध्ये तुमचा सुधारक बोरोमेओ येईपर्यंत ऐंशीएक वर्षं आर्चबिशप शहरात राहतच नव्हता, उत्पन्न मात्र चालू. आमच्या आजीची शाळा दुसरीपर्यंत, पण रोज बायबल वाचायची, मराठीत. बायबल लोकांच्या भाषेत, ही ल्यूथरची देणगी. तुमच्या पोपच्या 1559 च्या बंदी-पुस्तकांच्या यादीत लोकभाषेतल्या बायबलवरच बंदी.

पेठेतला_शंकासुर: ल्यूथरने 1525 मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढा असं लिहिलं आणि दुसरा प्रॉटेस्टंट पुढारी कॅल्व्हिन, त्याच्या जिनिव्हात 1553 ला सेर्व्हेटसला पाखंडी ठरवून जाळलं, तेही देणगीतच धरायचं का? सहज विचारलं.

नगरी_मिरची: @शंकासुर त्याचं समर्थन केलंय कोणी इथे? पाय घालायचा म्हणून घालू नका.

गासचा_गडी: भाषेचं आम्हाला सांगू नका. ल्यूथरच्या आधीच जर्मनमध्ये अठरा बायबलं छापून झाली होती. आणि इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सने 1616 ला गोव्यात राशोलला क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा, छापलं, मराठीत, ओव्यांत! तुमच्या प्रॉटेस्टंट मिशनरी केरीसाहेबांचा मराठी नवा करार 1811 चा. दोनशे वर्षं आधी आम्ही.

माडाखाली: माफ करा, पण "मराठीत" हे दरवेळी इतक्या सहज कसं म्हणता हो? माणूस गोव्यात राहिला, कोंकणीचं व्याकरण त्याने लिहिलं आणि पुराण नेलं उचलून मराठीने.

गासचा_गडी: अहो त्याने त्यात मराठीची स्तुती केलीय, शाळेत पाठ केलीय ती ओवी सगळ्यांनी!

माडाखाली: तेवढी एकच ओवी पाठ असते सगळ्यांना. अकरा हजारांतल्या बाकीच्या किती वाचल्यात?

पेठेतला_शंकासुर: पुराण मराठी, त्याचीच 1622 ची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं कोंकणी, व्याकरण कोंकणीचं. वाटणी झाली, भांडू नका.

माडाखाली: तुमच्यासाठी वाटणी सोपी आहे. 1684 ला गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणी बंद करायचा हुकूम काढला तेव्हा कोणाची जीभ कापली गेली?

नगरी_मिरची: बघा! आणि हा हुकूम कॅथलिक राजवटीचाच ना? लोकभाषेचं प्रेम, म्हणे. शिवाय ते पुराण आहे, बायबलचं भाषांतर नव्हे. बायबल लोकांच्या हातात द्यायचंच नव्हतं तुम्हाला. हातात सोडा, वसईतल्या एका मित्राच्या लग्नात मी चर्चमध्ये पवित्र भाकरीच्या (कम्युनियनच्या) रांगेत गेलो तर फादरने मी प्रॉटेस्टंट म्हणून हात आखडता घेतला. सगळ्यांसमोर. वीस वर्षं झाली, अजून आठवतं. आणि तुम्ही म्हणता घर झाडलं.

गासचा_गडी: तो नियम आहे, त्या फादरची चूक नाही. पण सगळ्यांसमोर, हे वाईटच. आणि ठीक आहे, एक देतो तुम्हाला: माझी आजी जन्मभर लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकत आली, अर्थ विचारला की म्हणायची देवाला कळतं ना, मग झालं. मिस्सा मराठीत यायला दुसरी व्हॅटिकन परिषद लागली, ल्यूथरनंतर चारशे वर्षांहून जास्त. घ्या. पण सिस्नेरोसवर मी ठाम आहे. नाताळला घरी या, जेवायला कोणी रांगेतून काढणार नाही.

नगरी_मिरची: येतो. क्षमापत्र दारात मिळेल की आधी बुक करू?