मदत हवी आहे: जामीन मंजूर, पण जामीनदारच नाही

नमस्कार मंडळी, मी लॉ कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकमध्ये काम करते, पुण्यात. सध्या आम्ही कच्च्या कैद्यांच्या घरच्यांसाठी सोप्या मराठीत माहितीपत्रक करतोय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS, म्हणजे जुन्या CrPC च्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479 चं जमलंय, म्हणजे पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनाचा हक्क, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर लागू नाही.

अडतंय ते पुढे. परवा एक मावशी आल्या परभणीहून, पिशवीत सातबारा, तो पण सासऱ्यांच्या नावावर, मुलाचा जामीन होऊन महिना उलटून गेला तरी तो आतच, कारण इथलाच जामीनदार पाहिजे म्हणतात!! सुप्रीम कोर्टाने 2023 लाच सांगितलंय की स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको आणि महिन्यात बॉण्ड (जामिनाचं हमीपत्र) भरला नाही तर कोर्ट अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. फार जीव तुटतो हो असं बघून.

तर कुणाकडे अट शिथिल करायच्या अर्जाचा मराठी नमुना आहे का? आणि बाहेरगावचा जामीनदार पुण्यात कुणी मान्य करून घेतलाय का, कागदपत्रं कोणती लागली? वकील मंडळींनी प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात पत्रक छापायला द्यायचंय.